बाळाच्या गोधडीला बसण्याआधी

बाळंतविड्यात टोपडं-झबल्यासोबत हाताने शिवलेली लहानशी गोधडी असावी, असं मला मनापासून वाटतं. ती बारशाला न्यायची असेल, तर चांगला महिनाभर आधी जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडा. शिवायला लागतो तेवढाच वेळ कापड निवडायला लागतो, आणि तो द्यावाच.

पहिल्यांदा सुती कापड वेगळं काढा. नुसतं हाताला मऊ लागतंय यावर जाऊ नका. शंका आली तर कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि त्याला काडी लावा. सुती धागा कागद जळल्याच्या वासाने जळतो आणि त्याची राख बोटांत भुरभुरते. पॉलिस्टरचा धागा मात्र आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. असं कापड कितीही देखणं असलं तरी बाजूला ठेवा. खणाच्या तुकड्यांचा मोह मलाही होतो, पण त्यात बऱ्याचदा रेशमी किंवा कृत्रिम धागा असतो. ते तुकडे पिशवीसाठी राखा. जरीचे काठ उसवून काढा, बाळाच्या गालाला ते टोचतात. बटणं, हुक, टिकल्या यांतलं काहीही राहू देऊ नका.

आजीचं नऊवारी मिळालं तर त्यासारखं दुसरं कापड नाही. वर्षानुवर्षं धुऊन आलेला तो मऊपणा दुकानात मिळत नाही. मात्र ते उजेडासमोर धरून बघा. जिथे विरलंय तिथून उजेड झिरपतो. दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणल्यावर जो भाग चर्रकन फाटेल, तो वरच्या बाजूला लावू नका. आतल्या थराला तो चालतो.

सगळं कापड कोमट पाण्यात भिजवून धुवा. नव्या कापडाची खळ निघते, आटायचं ते आत्ताच आटतं. लाल आणि गडद निळे तुकडे ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून बघा. रंग उतरला तर ते वगळाच.

वाळल्यावर इस्त्री करून पुठ्ठ्याच्या मापाने 5 इंची चौकोन कापा. चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत जातं. 7 बाय 8 अशी मांडणी केली की 56 तुकड्यांत साधारण साडे एकतीस बाय 36 इंचांची गोधडी होते. चौकोन जमिनीवर मांडून लांबून बघा आणि मगच जोडा. अस्तर चारी बाजूंनी 2 इंच मोठं घ्या, म्हणजे तेच दुमडून कड शिवता येते. मध्ये जुन्या धोतराचा एकच थर पुरे. कापूस घालू नका, धुतल्यावर त्याचे गोळे होतात. थर वाढले की सुई निघत नाही आणि गोधडी लवकर वाळत नाही. पावसाळ्यात हे फार जाणवतं.

लांब, बारीक सुई, अंगुस्तान, सुती रीळ आणि धारदार कात्री हाताशी ठेवा. दाभण नको, जुन्या कापडाला भोकं पडतात. तिन्ही थर मधून कडेकडे हात फिरवत सपाट करा, मोठे कच्चे टाके घाला, मग धावदोरा सुरू करा.

आणखी एक तयारी देणाऱ्याने करायची. बाळाला झोपवताना अंगावर किंवा खाली मऊ, सैल पांघरुणं पहिलं वर्षभर नकोत, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून गोधडी देताना, ती बाळ जागं असताना आपल्या नजरेसमोर खेळायला अंथरण्यासाठी आहे, हे आईला सांगा. टाचण्या लावणार असाल तर मोजून लावा, आणि घडी घालण्याआधी तेवढ्याच परत डबीत आल्यात ना, ते बघा.