या चुका टाळा: कळंबोलीनंतर मुंबईची सवय सोडा

मुंबईत पुढच्या गाडीमागे जरा जागा सोडली की तिथे कुणीतरी घुसतंच. म्हणून आपण बंपरला बंपर लावून चालवतो. कळंबोलीला पुण्याचा एक्सप्रेसवे लागतो, काटा शंभरावर जातो, अंतर मात्र तेवढंच राहतं. ताशी 100 किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. म्हणजे ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढा रस्ता संपलेला असतो. पुढची गाडी एखाद्या पाटीजवळून गेली की तीन सेकंद मोजा, त्याआधी तुम्ही तिथे पोचता कामा नये. पावसात ते दुप्पट करा. मध्ये कुणी शिरलं तर शिरू दे, पुन्हा मागे राहा.

उजवी लेन ओव्हरटेकसाठी आहे. ट्रक ती अडवतात ही तक्रार खरी, पण ऐंशीने निवांत जाणारे कारवालेही तेच करतात, हे कुणी बोलत नाही.

पावसात किंवा भाताणच्या बोगद्यात चारही इंडिकेटर लावून चालणं बंद करा. लेन बदलताना मागच्याला काहीच कळत नाही. हेडलाइट पुरे.

उन्हाळ्यात ‘टायर फुटेल’ म्हणून हवा कमी भरणारे बरेच आहेत. उलट कमी हवेचा टायर जास्त वाकतो, तापतो आणि वेगात फुटतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा भरा, तीही टायर थंड असताना.

खरी परीक्षा परतीची. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडतात. हे गणितच चुकलेलं आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. वर सगळा भार ब्रेकवर. जळका वास आला, पेडल मऊ लागून खोल जायला लागलं, तर ब्रेक तापलेत. एकेक गिअर खाली आणा आणि सुरक्षित जागा मिळताच डावीकडे थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, निवू द्या. उतारावर इंजिन तर बंद करूच नका, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

एक्झिट चुकली तर पुढच्या एक्झिटला वळा. रिव्हर्स घेणाऱ्यांना काय म्हणावं!

गाडी बंद पडलीच तर शक्य तितकी डाव्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर आता लावा. मंडळींना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे, सुरक्षित जागा बघून उभं करा. गाडीत बसून मेकॅनिकची वाट बघू नका, बाहेर पाऊस असला तरी. इशाऱ्याचा लाल त्रिकोण मागे बराच लांब ठेवा, समोरून येणाऱ्या गाड्यांवर नजर ठेवून. मदतीला 112.