गिटार वाजवत गायचं तर आधी हात मोकळा करा

गाणं येतं, गिटारवर कॉर्डही (एकत्र वाजणारे स्वर) बदलता येतात, पण दोन्ही एकदम करायला गेलं की एकतर शब्द अडखळतात नाहीतर हात थांबतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेकांची तक्रार हीच. त्यातले कितीतरी जण निकालही स्वतःच लावून येतात : "ते अंगातच असावं लागतं हो." काही अंगात वगैरे असावं लागत नाही. घरच्या गणपतीत झांज वाजवत आरती म्हटली आहे ना? म्हणजे हात ताल धरतोय आणि तोंड शब्द म्हणतंय, हे तुम्ही लहानपणापासून करत आलाय. वारकरी तर टाळ, अभंग आणि पावली अशी तिन्ही कामं एकदम सांभाळतात. झांजेकडे तुमचं लक्षच नव्हतं, हात आपला चालत होता. गिटारवरच्या हातालाही तितकंच बिनलक्षाचं चालायला शिकवायचं, मग गळा मोकळा होतो.

मी गाण्याकडून गिटारकडे आले. शाळेत असताना गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या, गिटार कॉलेजात हातात आली. आता सोसायटीतल्या आणि ओळखीपाळखीतल्या नवशिक्यांना शिकवते. गांधर्वच्या परीक्षेला हातावर ताल देत तालाचे बोल म्हणून दाखवावे लागतात, आधी ठायीत, म्हणजे मूळ संथ लयीत, मग दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत. तेव्हा ते फार कंटाळवाणं वाटायचं, पण गिटारला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. तुम्ही गाणं शिकला नसाल तरी बिघडत नाही. केरवा आणि दादरा हे दोन ताल हातावर मोजता आले तरी मराठी भावगीतांपैकी पुष्कळ गाण्यांत तुमचा निभाव लागेल.

केरव्याच्या आठ मात्रा, म्हणजे आठ ठोके : धा गे न ती, न क धी न. गिटारवर उजवा हात एक, तीन, पाच, सातला खाली येतो आणि दोन, चार, सहा, आठला वर जातो. हात सतत खाली-वर चालूच ठेवायचा. प्रत्येक वेळी तारांना लागायलाच हवा असं नाही, काही वेळा नुसता हवेतून जाईल. गिटारच्या अगदी सुरुवातीच्या धड्यांत 'खाली, खाली-वर, वर-खाली-वर' असं एक स्ट्रमिंग, म्हणजे तारा छेडायची पद्धत, हमखास शिकवतात. ते मात्रांवर मांडून बघा : एक, तीन, चार, सहा, सात, आठ. दुसरी आणि पाचवी मात्रा रिकामी. आणि केरव्याची 'खाली', म्हणजे हातावर ताल देताना टाळी न देता सोडायची मात्रा, कुठे येते? पाचवीवर! त्यामुळे हे स्ट्रमिंग केरव्यातल्या गाण्यांना बेमालूम बसतं. पण गाताना सुरुवात याने करू नका. नुसते चार खालचे स्ट्रोक पुष्कळ झाले. ऐकायला बाळबोध वाटेल, वाटू द्या.

दादऱ्याच्या सहा मात्रा : धा धी ना, धा ती ना. अंगठ्याने जाड तार एकवर, मग दोन आणि तीनला बारीक तारांवर हलके स्ट्रोक. पुन्हा चारवर जाड तार, पण पहिलीपेक्षा हलक्या हाताने, आणि पाच-सहा हलके. नवशिक्यांचा घोळ इथे ठरलेला. केरव्याचं स्ट्रमिंग नुकतंच हाताला बसलेलं असतं, ते दादऱ्यातल्या गाण्यावर लावायचं आणि दुसऱ्या ओळीत अडकलं की 'मला गाता-वाजवता येत नाही' असं ठरवून मोकळं व्हायचं. गाणं लावा, टाळी देत मोजा. तीन-तीनने मोजलं जातंय की चार-चारने, हे कळल्याशिवाय गिटार उचलू नका.

हात मोकळा झाला का, हे तपासायची माझी परीक्षा सोपी आहे. ई मायनर आणि जी या दोन कॉर्ड घ्या, चार-चार आवर्तनं (तालाच्या सगळ्या मात्रांचा एक फेरा म्हणजे एक आवर्तन) अदलाबदल करत वाजवत राहा आणि घरातल्या कोणाशी तरी बोला. स्वयंपाकघरातून आईने "गॅस बंद केलास का रे?" असं विचारलं, तर लय न मोडता "हो, केला" म्हणता आलं पाहिजे. "हो" म्हणताना हात थबकला तर अजून गायची वेळ आलेली नाही. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे एका लयीत ठोके देणारं ॲप, मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून हे रोज थोडा थोडा वेळ करा. शनिवार-रविवारी तासन्‌तास बसण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं बरी, बोटांच्या टोकांनाही तेच सोसतं.

आता शब्द. ताल आणि शब्द कुठे भेटतात ते डोळ्यांनी दिसल्याशिवाय पुष्कळ जणांना उमगत नाही, म्हणून मी कागद-पेन्सिल घ्यायला लावते. एक कामचलाऊ ओळ घेऊ, मीच जुळवलेली :

पाऊस आला, पाऊस गेला, अंगण ओले राहिले.

केरव्यात ही ओळ चार आवर्तनांत बसते. पहिल्या आवर्तनात 'पा' एकवर, 'ऊस' तीनवर, 'आ' पाचवर, 'ला' सातवर. दुसरं आवर्तन तसंच. तिसऱ्यात 'अं' एकवर, 'गण' तीनवर, 'ओ' पाचवर, 'ले' सातवर. चौथ्यात 'रा' एकवर, 'हि' तीनवर आणि 'ले' पाचपासून शेवटपर्यंत लांबवायचा. कॉर्ड : पहिली दोन आवर्तनं जी, तिसरं सी, चौथं डी, आणि पुन्हा जी. समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) येणारी अक्षरं, म्हणजे 'पा', 'पा', 'अं', 'रा', कागदावर अधोरेखित करा आणि वर कॉर्डचं नाव लिहा. नेटवर मिळणाऱ्या कागदांवर कॉर्डचं नाव बरेचदा शब्दाच्या डोक्यावर कुठेतरी तरंगत असतं. ते नक्की कुठल्या अक्षरावर आहे ते तुम्हीच ऐकून ठरवा.

आधी हे गाऊ नका, बोला. चाल सोडून, सपाट आवाजात, पाढे म्हटल्यासारखं, पण अक्षर मात्रेवर पडलं पाहिजे. ते जमलं की एकाच स्वरावर म्हणा. चाल अगदी शेवटी. गाण्याची तयारी असलेल्यांना ही पायरी कमीपणाची वाटते आणि ते ती गाळतात, मग आठवडाभराने गुपचूप परत तिथेच येतात.

आता त्याच ओळीच्या आधी 'हा' लावा : "हा पाऊस आला." सम 'पा'वरच आहे, म्हणून 'हा' आधीच्या आवर्तनाच्या सातव्या मात्रेवर येतो. म्हणजे गळा समेच्या आधी सुरू होतो आणि कॉर्ड मात्र समेवर बदलते. नवशिक्याचा हात गळ्यामागे धावतो आणि 'हा'वरच कॉर्ड बदलून टाकतो, तिथून पुढे सगळं एक पाऊल सरकलेलं. उपाय एकच : नुसतं वाजवत एक ते सहा मोजा, सातला 'हा' टाका, एकवर 'पा' आणि कॉर्ड. ही एकच जागा पुन्हा पुन्हा घासा, पूर्ण गाणं नको.

शब्द समेवर सुरू होतात, समेच्या आधी सुरू होतात, हे दोन प्रकार झाले. तिसरा प्रकार त्याहून अवघड. 'पा' थोडा लांबवला आणि 'ऊस' तीनवर न टाकता चारवर टाकला, की अक्षर वर जाणाऱ्या हातावर येतं. ऐकायला छान लागतं, पण हाताला वाटतं आपलंच चुकलं, आणि तो गळ्याशी जुळवून घ्यायला जातो. जाऊ देऊ नका. असं अक्षर सापडलं की ते हळू लयीत, वर जाणाऱ्या स्ट्रोकबरोबर, वेगळं काढून म्हणा. पहिल्या दोन-तीन गाण्यांत अशा जागा सरळ करून गायल्या तरी चालतं.

कॉर्ड बदलताना डावा हात वेळेवर पोचला नाही तर काय करायचं? काही नाही. उजवा हात चालूच ठेवायचा. मोकळ्या तारा वाजतील, थोडा खडखडाट होईल, पण लय तुटणार नाही. ऐकणाऱ्याला चुकलेली कॉर्ड फारशी कळत नाही, थांबलेली लय मात्र लगेच कळते.

एवढं करूनही गाणं बसत नसेल तर पट्टी बघा, म्हणजे तुम्ही सा कुठल्या सुरावर धरलाय ते. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. व्हिडिओत शिकवणारा स्वतःच्या पट्टीत गातो, शिकणारी त्याच कॉर्ड जशाच्या तशा धरते आणि आवाज खर्जात तरी बुडतो नाहीतर वर ताणला जातो. आपल्याकडे साधारणपणे बायका काळी चार-पाचच्या (पेटीवरच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीच्या) आसपास गातात आणि पुरुष पांढरी किंवा काळी एकच्या आसपास, पण गाण्यागणिक आणि गळ्यागणिक हे बदलतं. तपासताना मुखडा गाऊन बघू नका, तो बहुतेक वेळा सोपाच असतो. अंतऱ्यातली सगळ्यात वरची जागा आधी गाऊन बघा. ती न ओरडता लागली तर पट्टी बरोबर.

मग कॅपो, म्हणजे गिटारच्या मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पडलेलं एकेक घर म्हणजे फ्रेट. पेटीवर शिकलेल्यांसाठी हिशेब असा : जीचे आकार धरून कॅपो पहिल्या फ्रेटवर लावला की काळी चार, तिसऱ्यावर लावला की काळी पाच. सीच्या आकारांत पहिल्या फ्रेटवर काळी एक. डीच्या आकारांत पहिल्या फ्रेटवर काळी दोन. ईच्या आकारांत दुसऱ्या फ्रेटवर काळी तीन. एक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर, बाकीचं तुम्हीच मांडाल. कॅपो पाच-सहाच्या वर न्यावा लागला तर आवाज किणकिणा होतो, त्यापेक्षा दुसऱ्या आकारांकडे वळा. आणि कॅपो लावल्यावर पुन्हा ट्यूनर बघा, दाबामुळे तारा थोड्या चढतात.

गाण्याच्या क्लासमधून आलेल्यांची एक वेगळीच अडचण असते. पेटी तुमच्या बरोबरीने चाल वाजवते, सूर हरवला की धरून आणते. गिटारच्या कॉर्ड तसं काही करत नाहीत. जीला सा मानलं तर जी कॉर्डमध्ये सा-ग-प असतात, सीमध्ये म-ध-सा, डीमध्ये प-नी-रे आणि ई मायनरमध्ये ध-सा-ग. तुमची चाल मवर थांबलेली आणि हात अजून जीवरच असला, तर कानाला खुपणारच, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपण बेसूर झालो. गळा बरोबर असतो, हात बदलायचा राहिलेला असतो. एकदा कुठल्या कॉर्डमध्ये कुठले स्वर आहेत हे सरगमीत समजलं की अर्ध्याअधिक गाण्यांच्या कॉर्ड स्वतःच शोधता येतात. तोपर्यंत गाण्याचा पहिला स्वर तारेवर वाजवून, गुणगुणून, मगच उचला. हरकती आणि मुरक्या सध्या बाजूला ठेवा. त्या बरोबर कॉर्ड बदलण्याच्या जागेवर सुचतात, हा माझा अनुभव आहे.

बसण्याबद्दल थोडं. मान वाकवून बोटांकडे बघत गायलं तर गळा दबतो आणि आवाज कोंडल्यासारखा येतो. म्हणून गिटारच्या मानेच्या वरच्या कडेला छोटे ठिपके असतात. मान न वाकवता, नजर टाकली की कितवा फ्रेट ते कळतं. मांडी घालून बसण्यापेक्षा बिनहाताच्या खुर्चीवर बसा, पोट मोकळं राहतं. अवघड कॉर्ड आली की आपण नकळत श्वास रोखतो. तेव्हा कागदावर कॉर्डबरोबर श्वासाच्या जागाही खुणेने मांडा. पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, पातळ घ्या, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा, किंवा नुसता अंगठा वापरा. जाड पिकने स्टीलच्या तारा इतक्या वाजतात की गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, आणि मग तो ओरडतो.

एफसारखी बार कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायची, सुरुवातीला टाळा. कॅपो आणि सोपे आकार असताना त्यात शौर्य कसलं?

लय चढण्याची खोड सगळ्यांनाच असते. आरत्या संपून लोटांगणापर्यंत येईतो झांजांचा वेग कुठल्या कुठे जातो, ते आपल्या हाडीमासी खिळलेलं आहे. घरी ते गोड वाटतं, गिटारवर मात्र अंतऱ्यापर्यंत शब्द तोंडात मावेनासे होतात. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि पहिलं आणि शेवटचं आवर्तन पाठोपाठ ऐका. ऐकताना स्वतःचा आवाज आवडणार नाही, तो कोणालाच आवडत नाही. तिकडे लक्ष न देता फक्त लय ऐका.

चार लोकांसमोर पहिल्यांदा गाणार असाल तर मुखड्याआधी दोन आवर्तनं नुसती वाजवायची आणि शेवट कसा करायचा, हे घरीच ठरवून जा. शेवट न ठरवलेला माणूस मुखडा पुन्हा पुन्हा म्हणत राहतो आणि ऐकणारे एकमेकांकडे बघायला लागतात. गॅदरिंगला उतरण्याआधी ट्रेकच्या मुक्कामावर किंवा कोजागिरीला गच्चीवर वाजवून बघा. तिथे फर्माइशी येतात, सगळेच आपापल्या पट्टीत सूर लावतात, लय चढते, आणि तुमचा गळा कोणाला वेगळा ऐकू येत नाही. कॉर्ड चुकल्या तरी हात चालू ठेवायची सवय मला तरी तिथेच लागली.