मोबाईलवर गायब होणारी घरघर

मित्राच्या भयपट शॉर्टफिल्ममध्ये जिन्याच्या सीनखाली ४० हर्ट्झची घरघर होती. हेडफोनवर पोटात गोळा यायचा, मोबाईलवर मात्र चिडीचूप. आवाज वाढवून काही होत नाही. फोनचा चिमुकला स्पीकर इतका खालचा सूर वाजवूच शकत नाही. आणि बघणारे बहुतेक फोनवरच बघणार!

मग त्या ट्रॅकची कॉपी काढली, तिच्यावर चांगलं कडक सॅच्युरेशन (आवाज जरासा फाडणारा इफेक्ट) चढवलं आणि १५० हर्ट्झखालचं सगळं फिल्टरने उडवलं. सॅच्युरेशनमुळे २००, २४०, २८० असे ४०च्या पटीतले हार्मोनिक, म्हणजे वरचे जोडसूर तयार होतात. ते ऐकले की मूळ सूर नसतानाही मेंदू तो भरून काढतो. कॉपी मूळ ट्रॅकखाली हळूच मिसळली. घरघर फोनवर आली, पण फ्रीजसारखी वाटायला लागली.

जिवंतपणा आणला स्टीलच्या परातीने. भयपटांत वापरतात ते वॉटरफोन नावाचं धातूचं वाद्य परवडणारं नव्हतं. परातीच्या पाठीला पिझो कॉन्टॅक्ट माइक (हवेतला आवाज नाही, वस्तूची कंपनं पकडणारा) चिकटवला आणि राळ लावलेला व्हायोलिनचा गज काठावरून ओढला. आधी नुसती किरकिर, मग अचानक कण्हल्यासारखा सूर. रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९६ हजार नमुन्यांवर ठेवा: वेग चौपट कमी केला की आवाज दोन सप्तकं खाली येतो, तरी वरचा खरखरीतपणा टिकतो. ४८वर केलेलं बोथट होतं.

दार उघडतं तिथे दिग्दर्शकाला ‘धडाम’ हवा होता. मी उलट अर्धा सेकंद सगळंच कापलं, खोलीचा पार्श्वध्वनीसुद्धा. तो कट तसाच राहिला.