जुना गेमिंग पीसी कमी पैशांत सुधारताय? या चुका टाळा

गेल्या दिवाळीत भाचा सांगलीहून आला तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेला त्याचा पीसी होता. "मामा, गेम सुरू केला की पाच मिनिटांत मशीन धाडकन बंद पडतं. बहुतेक नवीन कार्डच फॉल्टी निघालं." कार्ड त्याच्यापुरतं नवीन, म्हणजे सेकंडहँड आरएक्स ५८० (एएमडीचं ग्राफिक्स कार्ड). बाकी मशीन २०१५ सालचं: आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा बोर्ड (मदरबोर्ड), आठ जीबीची एकच रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. सुट्टीत काम करून त्याने पंधरा हजार साठवले होते. त्यातले निम्मे या कार्डावर गेले होते.

कार्ड ठणठणीत होतं. दोन दिवस आम्ही ते मशीन उघडून बसलो आणि तेवढ्यात बजेट अपग्रेडमधल्या बहुतेक सगळ्या चुका एकाच कॅबिनेटमध्ये सापडल्या. अशी जुनी मशीन घरोघरी आहेत आणि त्यात घातला जाणारा पैसा बहुतेक वेळा मुलांनी स्वतः साठवलेला असतो. तो वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

एसएमपीएसवरचा मोठा आकडा वाचून थांबणं

त्या एसएमपीएसवर ठळक अक्षरात ५०० छापलं होतं. मी भाच्याला खालचा बारीक तक्ता वाचायला लावला. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. गुणाकार त्यानेच केला: १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. एएमडीच्या आकड्यानुसार आरएक्स ५८० पूर्ण लोडवर १८५ वॅट घेतं, तर आय५-४४६० साठी इंटेलचा आकडा ८४ वॅट. बेरीज २६९. पंखे आणि हार्ड डिस्क अजून धरलेच नाहीत. डेस्कटॉपवर कार्ड निवांत असतं तोवर सगळं चालतं. गेममध्ये लोड आला की एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. म्हणून निळी स्क्रीन नाही, एररही नाही, थेट काळोख. हे लक्षण दिसलं की सगळ्यात आधी संशय एसएमपीएसवर घ्या.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. या कार्डाला आठ पिनांचा कनेक्टर लागतो आणि एसएमपीएसला तो नव्हताच. कार्ड विकणाऱ्याने दोन मोलेक्स, म्हणजे जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या कनेक्टरपासून आठ पिन बनवणारा जोड 'वरती फ्री' दिला होता. तो उपसून काढला तर पांढऱ्या प्लास्टिकची एक कड चहाच्या रंगाची झाली होती. नखाने दाबली तर भुसभुशीत लागली. अजून महिनाभर तसंच चाललं असतं तर काय झालं असतं, हे मी त्याच्या आईला सांगितलं नाही, पण त्याला नीट सांगितलं.

हिशेब सोपा आहे. कार्डाला बोर्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या केबलमधून आणखी ७५, आठ पिनांच्या केबलमधून १५०. ज्या एसएमपीएसला मुळातच या केबल नाहीत, तो त्या कार्डासाठी बनलेलाच नाही, मग वरचा आकडा काहीही असो. एसएमपीएस बदलायला पैसे नसतील तर वेगळी केबल न लागणारं कार्ड घ्या. जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५० ही कार्डं ७५ वॅटच्या गटातली आहेत. त्यांच्या काही मॉडेलांना तरीही सहा पिन लागते, त्यामुळे फोटोत कार्डाची वरची कड बघून घ्या. नाहीतर आधी एका चांगल्या कंपनीचा ८० प्लस (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) एसएमपीएस घ्या आणि कार्ड दोन महिन्यांनी. एसएमपीएस पुढच्या मशीनलाही चालतो, म्हणून त्यातला पैसा सगळ्यात कमी वाया जातो.

घरी यूपीएस असेल तर त्याचंही लेबल बघा. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅट झेपवतात आणि त्यात मॉनिटरही आला.

काय अडतंय ते न मोजता खरेदी करणं

'कोणतं कार्ड घेऊ?' हा पहिला प्रश्न नाही. आधी एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका, स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोरचा वापर, रॅम आणि तापमान दिसेल असं लावा आणि आपला नेहमीचा गेम वीस मिनिटं खेळा. कार्ड सतत ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड पन्नास-साठ टक्क्यांवर लोळतंय आणि प्रोसेसरचे कोर शंभरला टेकलेत, तर महागडं कार्ड आणूनही एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जागचे हलणार नाहीत. खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस वाढले तर अडथळा कार्डाचा, तेवढेच राहिले तर प्रोसेसरचा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे गेम प्रोसेसरवर बराच भार टाकतात, त्यामुळे फक्त तेच खेळणाऱ्याला कार्ड बदलून फार फरक दिसत नाही.

हे मोजायच्या आधी मशीन साफ करा. भाच्याच्या हीटसिंकवर धुळीची अक्षरशः गादी होती. गेममध्ये प्रोसेसर ९९ अंशांवर जात होता. हे इंटेलचे चौथ्या पिढीचे (हॅसवेल) प्रोसेसर शंभरच्या आसपास पोहोचले की स्वतःचा वेग कमी करतात आणि आपल्याला वाटतं मशीन म्हातारं झालं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटारच्या दाण्याएवढी नवीन लावा. इंटेलच्या मूळ कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक जरी अर्धवट बसली तरी तापमान पुन्हा चढतं. कूलर बसवल्यावर बोर्ड उलटा धरून मागून चारही टोकं बाहेर आलीत का ते बघा. एवढ्या कामाने त्याचं तापमान ७२ वर आलं, खर्च फक्त पेस्टच्या नळीचा.

रायझनवाल्यांसाठी, म्हणजे एएमडीचा प्रोसेसर असणाऱ्यांसाठी, इथेच एक धोक्याची सूचना. त्यांच्या एएम४ सॉकेटमध्ये प्रोसेसर वरून घट्ट अडकवलेला नसतो. वाळलेली पेस्ट गोंदासारखी धरते, कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून प्लग काढा, कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवा, मगच उचला.

नवीन कार्ड म्हणजे चांगलं कार्ड, असं समजणं

आरएक्स ६५०० एक्सटी २०२२ चं, आरएक्स ५८० २०१७ चं. वर्ष बघून पहिलं घ्यावंसं वाटतं. पण ६५०० एक्सटी स्लॉटच्या सोळांपैकी चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं आणि ते पीसीआय एक्सप्रेस ४.० (स्लॉटची नवी, वेगवान पिढी) धरून बनवलंय. एच८१ बोर्डाचा ग्राफिक्स स्लॉट २.० चा असतो. म्हणजे कार्डाला सेकंदाला साधारण आठ जीबीचा रस्ता हवा आणि मिळतात दोन. त्यात कार्डाची मेमरी चारच जीबी, त्यामुळे ती भरली की याच अरुंद रस्त्याने ये-जा सुरू होते आणि गेम अडखळतो. आरएक्स ६४०० चीही तीच गत. आरएक्स ५८० सगळ्या सोळा लेन वापरतं, त्यामुळे जुन्या बोर्डावरही त्याला पुरेसा रस्ता मिळतो. भाच्याची निवड इथे बरोबर ठरली होती. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार ही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय लागते. इतक्या जुन्या बोर्डावर ती मिळत नाही आणि तिच्याशिवाय कार्ड खूपच मागे पडतं.

सेकंडहँड घेताना मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, चालू मशीनमध्ये लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर घेऊन जा. बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून दुसऱ्याच नावाने विकलेली बरीच नकली कार्डं ते ओळखतं आणि नावाआधी 'फेक' असं दाखवतं. आरएक्स ५८० घेत असाल तर शेडरची (कार्डातल्या छोट्या गणनायुनिटांची) संख्या २३०४ हवी. २०४८ दिसली तर ते '२०४८एसपी' मॉडेल, म्हणजे ताकदीने ५७०, आणि भाव ५७० चाच द्या. मग पंधरा मिनिटं लोडवर चालवा, रंगीत ठिपके किंवा रेघा येतात का बघा, पंख्याला कान लावा. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेबद्दल आणखी एक गोष्ट माहीत हवी: एनव्हिडियाने त्यांच्यासाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले. सुरक्षेचे अपडेट २०२८ पर्यंत येणार आहेत. जुने गेम खेळायचे असतील तर हरकत नाही, पण भाव करताना हे मनात ठेवा.

रॅम आणि एसएसडी

आठ जीबीची एकच कांडी असेल तर मेमरीचा अर्धाच रस्ता वापरात आहे. दुसरी तेवढीच कांडी लावली की ड्युअल चॅनेल सुरू होतं आणि गेममधले मध्येच बसणारे झटके कमी होतात. एच८१ ला स्लॉट दोनच आणि मर्यादा १६ जीबीची, त्यामुळे ८ अधिक ८ हाच शेवट. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजलेला दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा.

ऑनलाइन अगदी स्वस्त मिळणाऱ्या आठ जीबीच्या काही डीडीआर३ कांड्या फक्त एएमडी बोर्डावर चालतात आणि ते कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. इंटेल बोर्डात लावली की डिस्प्लेच येत नाही. भाच्याच्या ड्रॉवरमध्ये अशी एक पडलेली होती. ती खराब आहे असं समजून त्याने वर्षभर आठ जीबीवरच काढलं.

एसएसडीने एफपीएस वाढत नाहीत, पण गेम लोड व्हायला लागणारा वेळ आणि नवीन भाग येताना बसणारा हिसका, दोन्ही कमी होतात. एच८१ सारख्या बोर्डावर एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची एसएसडी) घेऊ नका. अ‍ॅडॉप्टरवर ती दिसते, पण सहसा त्यावरून विंडोज सुरू होत नाही. हार्ड डिस्कसारखीच केबलने लागणारी साधी सॅटा एसएसडी घ्या आणि बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत सहा जीबीपीएसचा पोर्ट शोधून तिथेच लावा. एच८१ वर असे दोन असतात, बाकीचे दोन निम्म्या वेगाचे.

जोडलं, पण डिस्प्लेच नाही

घाबरू नका. आधी मॉनिटरची केबल बघा. ती बोर्डाच्या पोर्टला लावलेली असते आणि कार्ड रिकामं बसलेलं असतं, असं फार वेळा होतं. मग कार्डाची पॉवर केबल, आणि स्लॉटच्या टोकाची खिटी टक् वाजली का. रॅम काढून सोनेरी पट्टी साध्या खोडरबरने घासा, एकेक कांडी लावून बघा. प्रत्येक वेळी तारीख मागे जात असेल तर बोर्डावरची सीआर२०३२ बटण-बॅटरी संपली आहे, बदलून टाका. जुन्या आणि नव्या कार्डाची कंपनी वेगळी असेल तर डीडीयू हे ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर वापरून आधीचा ड्रायव्हर मुळासकट काढा.

एएम४ वर रायझन ५ १६०० किंवा २६०० काढून ५६०० लावणार असाल, तर जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करा. जुन्या बी३५० आणि ए३२० बोर्डांपैकी बऱ्याच बोर्डांना ही सोय २०२२ मध्ये मिळाली, पण आपल्या बोर्डाची यादी कंपनीच्या साइटवर बघूनच प्रोसेसर घ्या. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड मरू शकतो. यूपीएस नसेल तर शेजाऱ्याकडून तासभर मागून आणा, पण त्याशिवाय हात लावू नका.

जुन्या घरावर किती मजले चढवायचे

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवलं तर वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. ४४६० चौथ्या पिढीचा. आडवाटेने विंडोज ११ घालता येतं, पण तिथे व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) मागतं आणि आत येऊ देत नाही. म्हणून चौथ्या पिढीच्या मशीनवर किती पैसे घालायचे याची रेघ आधीच आखा.

आम्ही ती अशी आखली. चांगला एसएमपीएस नवीन, सॅटा एसएसडी नवीन, रॅमची दुसरी कांडी सेकंडहँड. चार कोर आणि आठ थ्रेडचा आय७-४७७० किंवा झिऑन ई३-१२३१ व्ही३ त्याच बोर्डात बसतो, पण तो फक्त स्वस्तात हाताला लागला तरच, आणि झिऑनला स्वतःचं ग्राफिक्स नसतं हे लक्षात ठेवून. उरलेले पैसे त्याने परत डब्यात टाकले. पुढे बोर्ड गेला तर दुसरा एच८१ शोधायचा नाही, कारण एसएमपीएस, एसएसडी आणि कार्ड उचलून एएम४ वर नेता येतं, डीडीआर३ रॅम मात्र येत नाही. जाताना त्याने कार्डाचा खोका, एसएमपीएसचं बिल आणि सिरियल नंबरचे फोटो एका पिशवीत घातले, आणि तो चहाच्या रंगाचा जोड मी माझ्याकडे ठेवून घेतला.