बोटीत पाणी भरायच्या आधी ते काढायचं कसं ते बघा

बोटीमागे दोर धरून बोर्डवर खेळताना लाट (वेक) मोठी मिळावी म्हणून बोटीत वजनासाठी पाण्याच्या बॅगा ठेवतात, तर सुरुवातीलाच विचारतो, त्या बॅगेतलं पाणी बाहेर कसं काढणार आहात? भरणार कसं ते विचारत नाहीये, भरायला कुणालाही जमतं. काढणार कसं ते सांगा. याचं उत्तर तयार नसेल तर बॅगा घरीच ठेवा आणि बिनवजनाच्या वेकवर खेळा, छोटी लाट मिळेल पण रात्री घरी तरी पोचाल.

आमची गोव्यातली बोट 17 फुटी, मागे बाहेरून बसवलेलं 90 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. इंजिन बरं आहे पण बोट हलकी, त्यामुळे वेक म्हणजे ताटातली आमटी हलल्यासारखी. भाऊबीजेला बहीण आली, भाचा बोर्ड घेऊनच आला होता, मामा लाट मोठी कर ना. मग काय, 180 लिटरच्या दोन पाण्याच्या बॅगा आणल्या, दोन्ही मागे ठेवल्या, पंप नदीत सोडला आणि भरल्या. लाट मस्त आली, खोटं कशाला बोलू. साडेचारला रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यातून वर काढायच्या उतारावर आलो आणि तिथे कळलं की जो पंप नदीत सोडून पाणी भरलं तो बॅगेतून पाणी ओढतच नाही.

का ओढत नाही ते नीट समजून घ्या, कारण दुकानात कुणी सांगत नाही. तो बुडवून चालवायचा पंप असतो, तो स्वतः पाण्यात बुडालेला असेल तरच पाणी पुढे ढकलतो. वर ठेवून पाइप बॅगेत घातला तर आतली हवा घुसळत बसतो, पाणी काही चढत नाही. आणि बॅगेचं तोंड एवढंसं, त्यातून पंप आत जाणार नाही. म्हणून घेताना एकतर बॅगेच्या तोंडालाच आटे लावून बसणारा पंप घ्यायचा, नाहीतर रबरी इम्पेलरवाला (इम्पेलर म्हणजे आत फिरणारा पंखा) उलटसुलट चालणारा, जो एका बाजूला फिरवला की भरतो, दुसऱ्या बाजूला फिरवला की उपसतो. तो घ्याल तर इम्पेलर कोरडा चालवायचा नाही, जळतो, आणि एक जास्तीचा इम्पेलर डब्यात ठेवायचा. जो काही पंप असेल तो आदल्या दिवशी अंगणात बॅग अर्धी भरून, परत रिकामी करून बघायचा. रिकामी करून, हं. भरून बघितलं आणि समाधान झालं असं नको.

बॅटरी वेगळी. ही पण त्याच दिवशीची शिकवण. भरायचा पंप, गाणी, बोटीच्या तळात साचलेलं पाणी काढणारा बिल्ज पंप, सगळं इंजिन स्टार्ट करायच्या एकाच बॅटरीवर होतं. बॅगेतलं पाणी निघेना म्हणून शेवटी झडप उघडून ते बोटीच्या तळातच सोडलं, म्हटलं बिल्ज पंप काढेल. त्याने काढलं थोडं, मग बॅटरी बसली. इंजिन पण गेलं, पंप पण गेला. तेव्हा उपशाच्या पंपाला वेगळी 12 व्होल्टची बॅटरी, मध्ये फ्यूज, आणि ती चार्ज आहे का ते निघताना बघायचं.

आणि एवढं सगळं करूनही पाच मीटर साधी बागेची नळी बोटीत टाकायचीच. नळीने पाणी खाली उतरवता येतं, पण एक लक्षात ठेवा, बोट पाण्यात असताना हे होत नाही, कारण बोटीचा तळ बाहेरच्या पाण्यापेक्षा खाली असतो, बॅगेतलं पाणी चढून बाहेर जाणार कसं? बोट ट्रेलरवर वर आली की मगच नळी चालते. तोंडाने ओढू नका, नदीचं पाणी आहे ते, नळी आधी पाण्याने भरायची, अंगठा दाबून टोक खाली न्यायचं. आम्हाला ही अक्कल सात वाजता आली, तोवर बालदीने उपसत होतो.

मध्ये काय झालं तर 360 किलो पाणी पोटात असलेली बोट ट्रेलरवर ओढायला गेलो. जीपची चाकं शेवाळावर गरगर फिरली, बोट अर्धी ट्रेलरवर, अर्धी मागे, आणि ओहोटी लागलेली. भाऊबीज म्हणजे अमावास्येनंतर दोन दिवस, उधाण, त्यात साडेसहाच्या सुमाराला पूर्ण सुकती. बघता बघता पाणी मागे सरकलं आणि बोटीचं बूड चिखलात. बहीण ओवाळणीचं ताट घेऊन नऊ वाजेपर्यंत बसली होती, तिने नंतर काय ओवाळलं ते सांगत नाही.

तर भरती-ओहोटीचं कोष्टक. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब मुंबईकडे ठीक बसतो, आपल्याकडे गोव्यात भरती त्याच्या थोडी आधीच येते, तेव्हा तोंडी हिशोब नको, मुरगाव बंदराचं कोष्टक मोबाइलवर बघा. उधाणाला भरती-सुकतीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो, आणि वजन टाकलेली बोट नेहमीपेक्षा खोल बसते, म्हणजे सकाळी जिथून आरामात गेलात तिथेच संध्याकाळी प्रोपेलर वाळू खाणार. चापोरा नदीच्या मुखाकडे वाळूचे पट्टे आहेत, तिकडे जाऊच नका. परत यायची वेळ ओहोटी संपायच्या निदान दोन तास आधीची ठेवा, आणि त्या वेळात पाणी उपसायची अर्धी घटिका, म्हणजे बारा मिनिटं धरा. उपसायची. पंपाच्या डब्यावर ताशी 3000 लिटर लिहिलेलं असेल, पाइपची लांबी, वळणं, चढ, अर्धमेली बॅटरी यात त्यातलं निम्मं हाताला लागलं तरी खूप.

आता वजन किती. बोटीवर क्षमतेची पट्टी असेल तर आधी ती वाचा, नसेल तर बोट बनवणाऱ्याला विचारा, अंदाजाने नको. आउटबोर्डवाल्या बोटीच्या पट्टीत माणसं, सामान आणि इंजिन असं सगळं मिळून वजन दिलेलं असतं, हे लोक विसरतात. समजा एकूण 680 किलो लिहिलंय. 90 चं फोर स्ट्रोक इंजिन साधारण 165 किलो. राहिले 515. चार माणसं 280, 60 लिटर पेट्रोल म्हणजे 45, बॅटऱ्या, नांगर, दोर, बोर्ड वगैरे 40. उरले 150. झालं, एवढंच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, खारं असेल तर किंचित जास्त. म्हणजे आम्ही 360 टाकून काय केलं ते तुम्हीच बघा. मी तर आता 120 वर थांबतो. आणि पाचवा माणूस आला तर तेवढं पाणी कमी करायचं, माणूस हा पण बॅलास्टच, म्हणजे बोटीत घातलेलं वजनच आहे, वर तो सांगितलं की पुढे सरकून बसतो, बॅग सरकत नाही.

वाळूच्या गोणी, सिमेंटचे ठोकळे, जिमच्या प्लेटा, हे कुणीतरी सुचवणारच. नको. बोटीत पाणी शिरलं तर पाण्याची बॅग पाण्यात तरंगल्यासारखीच होते, तिचं ओझं राहत नाही, वाळू मात्र बोटीला घेऊन खाली जाते. शिवाय गोणी फाटली की वाळू बिल्ज पंपात जाऊन अडकते. पाण्याला फुकटात मिळणारा हा फायदा सोडू नका.

बॅग भरायची तर पूर्ण, हवा दाबून काढून. अर्धी भरली तर आतलं पाणी वळणावर एका बाजूला धावतं आणि बोट त्याच्यामागे कलते. कमी वजन हवं तर लहान बॅग आणा, मोठी अर्धी भरू नका. सगळं मागे टाकू नका, आम्ही टाकलं होतं. नाक आकाशात जातं, ड्रायव्हरला समोरची होडी दिसत नाही, आणि बोट पाण्यावर चढतच नाही, नुसती नांगरत राहते. साधारण 60 टक्के मागे, 40 पुढे असं सुरू करा, मग थोडं थोडं हलवून बघा. पुढे जास्त झालं तर नाक लाटेत घुसतं, ते जास्त वाईट. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, तेव्हा डावीकडे थोडं जास्त. पट्ट्याने बांधा, नाहीतर थ्रॉटल दिला की बॅग सरकत मागे येते. आणि भरायचं ते बोट पाण्यात उतरवल्यावर, ट्रेलरवर नाही, रिकामं करायचं ते ट्रेलरवर घ्यायच्या आधी. म्हणजे पुन्हा तेच, पंप. पाणी काढायचा.

बोटीच्या तळाचं बूच लावलं का, लाइफ जॅकेट, इंजिन बंद करणारी मनगटाची दोरी, हे सांगायला नको. बिल्ज पंपाचा फ्लोट (पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता खटका) हाताने उचलून बघा, आवाज आला पाहिजे.

प्रोपेलर. वजन टाकल्यावर पूर्ण थ्रॉटलला इंजिनचे आरपीएम खाली येतात. आउटबोर्डचे साधारण 5000 ते 6000 च्या पट्ट्यात बसले पाहिजेत, नेमका आकडा इंजिनच्या पुस्तकात बघा. खूपच खाली येत असतील तर पिच (एका फेऱ्यात प्रोपेलर जेवढा पुढे जातो ते अंतर) दोन इंचांनी कमी असलेला प्रोपेलर लावा, इंचामागे अंदाजे दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. तसंच ताणत राहिलात तर इंजिन रडतं, पेट्रोल तर विचारूच नका.

जागा रुंद आणि मोकळी हवी. मांडवीत पणजीसमोर नको, कॅसिनोच्या बोटी, फेरीबोटी, बार्जेस, तिथे काय खेळणार. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, लोक पैसे देऊन बघायला जातात, तुम्ही दोर धरून मागे पडायला जाऊ नका. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीच्या बांधाजवळ लाट नेऊ नका, बांध खचतो आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या काढणारे छातीभर पाण्यात उभे असतात, छोट्या होड्या असतात, जाळ्यांचे खुंटे असतात. मोठी लाट करायला निघालाय ना, मग ती कुणाच्या होडीत शिरते ते पण तुम्हीच बघायचं. नोंदणीचे कागद कॅप्टन ऑफ पोर्ट्सचे, म्हणजे गोव्याच्या बंदर खात्याचे, सोबत ठेवा. पावसाळ्यात हा विषयच नाही.

पाण्यावर गेल्यावर जास्त काही नाही. दोर नवख्याला 18 मीटरच्या आसपास, वेग ताशी 30-35 किलोमीटर, मुलांना त्याहून कमी. एक माणूस फक्त मागे बघायला. थ्रॉटल एकदम सोडू नका, वजनदार बोटीची आपलीच लाट मागून येऊन इंजिनच्या खाचेतून आत चढते. पडलेल्याजवळ जाताना इंजिन बंद. आउटबोर्डमागे दोर सोडून लाटेवर सर्फिंग करायचा नाद नको, प्रोपेलर तिथेच फिरतोय.

परत येताना रॅम्पच्या पाचशे मीटर आधी थांबा, इंजिन चालू ठेवा आणि पाणी काढा, सगळं, बॅग चपटी होईपर्यंत. ज्या नदीतून घेतलं तिच्यातच. मग ट्रेलर.

घरी गोड्या पाण्याने बॅगा, पंप, इंजिन धुवायचं, बॅगांची तोंडं उघडी ठेवून सावलीत वाळवायच्या, नाहीतर बुरशी. नळी बोटीतच राहू दे, बागेला दुसरी आणा.