लॅपटॉप बंद करायच्या आधी तीन ओळी

ऑफिसातून निघताना आज बऱ्या झालेल्या तीन गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे ती का झाली तेही लिहा, कारण खरी गंमत त्या 'का'मध्येच आहे. नुसतं 'मीटिंग छान झाली' नको, 'शेजारच्याने आकडे आधीच तपासून दिले म्हणून क्लायंटसमोर अडकलो नाही' असं लिहा, मग दुसऱ्या दिवशी त्याला थँक्यू म्हणावंसं आपोआप वाटतं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांना हे फक्त आठवडाभर करायला सांगितलं होतं आणि त्यांच्या आनंदात पडलेला फरक सहा महिन्यांनीही दिसत होता. मॅनेजर लोकांनो, प्लीज हे टीमला सक्तीने करायला लावू नका, शीट भरून मागितलीत की झालंच त्याचं टाइमशीट! आणि कामाचा बोजाच अती असेल तर आधी तो कमी करा, वही नंतर.