बालगृहातून बाहेर पडलेल्या मुलांसोबत फिल्म करताय? या चुका टाळा

पहिल्याच दिवशी कॅमेरा लावून ‘तुझी गोष्ट सांग’ म्हणणं. मुंबईत ही चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता राग येतो. ही मुलं लहानपणापासून तेच करत आली आहेत. मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या बालकल्याण समितीपुढे, समुपदेशकापुढे, वाढदिवसाचा केक घेऊन आलेल्या पाहुण्यांपुढे. काय सांगितलं की समोरच्याचे डोळे भरतात, हे त्यांना पाठ असतं. तुम्हालाही तेच पाठांतर मिळणार. मी सुरुवातीचे रविवार कॅमेरा त्यांच्याकडेच देते. एका मुलानं भाड्याच्या खोलीचं कुलूप टिपलं होतं. किल्ली घालतो, फिरवतो, काढतो, परत घालतो. स्वतःची किल्ली त्याच्याकडे पहिल्यांदाच आली होती. मुलाखतीत हे कधीच आलं नसतं.

दुसरी चूक, ‘चेहरा ब्लर केला की झालं’. एका ग्रुपनं वीस वर्षांच्या मुलीवर फिल्म केली. तिचा धाकटा भाऊ अजून बालगृहात होता, तोही दोन शॉटमध्ये आला. चेहरा ब्लर, पण शर्टावरचा शाळेचा बिल्ला स्वच्छ वाचता येत होता आणि ताई त्याला घरच्या नावानं हाक मारत होती. स्क्रीनिंगला त्याच्या वर्गातला एक मुलगा आला होता. पुढच्या आठवड्यात शाळेत चिडवाचिडवी सुरू झाली आणि भाऊ शाळेत जायलाच तयार होईना. ग्रुपचं उत्तर काय, तर ‘आम्ही सही घेतली होती’. सही बहिणीची! बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील माध्यमांतून उघड करायला बंदी आहे. शिक्षा 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मी फिल्मचा प्रत्येक कट, म्हणजे एडिट केलेली प्रत, आधी आवाज बंद करून पाहते, मग डोळे मिटून नुसता ऐकते. बिल्ले, पाट्या, हाका तेव्हाच सापडतात.

संमती एकदाच घेऊन मोकळं होऊ नका. शूटआधी, रफ कट म्हणजे पहिलं कच्चं एडिट झाल्यावर आणि प्रत्येक स्क्रीनिंगआधी विचारा. ‘चालेल ना?’ असं तर विचारूच नका, संस्थेत वाढलेली मुलं ताई-दादांना ‘हो’च म्हणतात. ‘यातलं काय काढू?’ असं विचारा.

दोन दिवसांत फिल्म, तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेट, असली शिबिरं घेऊ नका. घाई तुमच्या फंडिंगची असते, मुलांची नाही.

रेल्वेच्या परवानगीशिवाय फलाटावर शूट नको. पोलीस आले की पहिली झडती या मुलांचीच होते.

लोकलच्या आवाजात मोबाइलच्या माइकवर विसंबू नका, कॉलर माइक लावा.

आणि पैसे द्या. अठराव्या वर्षी संस्था सुटते, मग खोलीचं भाडं स्वतःलाच भरावं लागतं. शूटसाठी शिफ्ट बुडवली असेल तर त्या दिवसाचा पगार त्याच संध्याकाळी हातात द्या.